एक कोयता

किसनमामांना ‘मी’ म्हणता येत नाही. स्वतःबद्दल सांगायचं असो की बायकोबद्दल, तोंडातून ‘आमी’च येतं. एकदा घाटनांदूरच्या डॉक्टरकडे जाऊन म्हणाले, “आमचा गुडघा धरलाय.” डॉक्टरने त्यांचा पाय चांगला पिरगाळून पाहिला, इंजेक्शन भरलं. सुई टोचायच्या वेळी मामा शांतपणे म्हणाले, “ह्यो न्हाई सायब. त्यो घरी हाय, तिच्याकडं.”

मामा आमचे शेजारी. तसे ते नात्याने कोणाचेच मामा नाहीत, पण अख्खं गाव मामा म्हणतं. ‘ती’ म्हणजे त्यांची बायको गयाबाई. चाळीस वर्षं ही दोघं ऊसतोडीला जातात. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. माणसं दोन, मोजायचं हत्यार एक. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम विचारत नाही.

यांचं लग्नच मुळी मुकादमाच्या चुकीने जमलं. मामा तेव्हा एकोणीसचे, गयाबाई अठराची. दोघंही आईबापांबरोबर तोडीला आलेले, पाचटाच्या कोप्या शेजारी शेजारी. रोज पाण्याच्या हंड्यावरून भांडायचे, आणि भांडता यावं म्हणून एकाच वेळी पाण्याला जायचे. मुकादम नवा होता. एवढं भांडतात म्हणजे नवरा-बायकोच असणार, असं धरून त्याने यादीत एक कोयता वाढवला आणि दोघांना उसाच्या एका फडात धाडलं. खुलासा करायला दोघांपैकी कोणीच गेलं नाही. घरच्यांना कळेपर्यंत आठ दिवस उलटले होते. बोंबाबोंब झाली. शेवटी गयाबाईचा बाप म्हणाला, “यादीत हायेत तर मांडवात बी हुबी करा.” मामा अजून फुशारकीने सांगतात, “आमी आदी लिवलो गेलो, मग लगीन लागलं.”

आमच्या घरात भांडणही होत नाही. भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच माझं आणि बायकोचं बोलणं. भिंतीपलीकडून या दोघांचं भांडण आणि मागोमाग हसू ऐकू आलं की मला सरळ सरळ हेवा वाटे. मी रेडिओ मोठा करीत असे.

मागच्या दुष्काळात गावात टँकर दहा-दहा दिवसांनी येई. जवळचा सहकारी कारखाना कधीच बंद पडला होता, निवडणूक तेवढी वेळेवर होई. चेअरमन व्हायला ऊस लागत नाही. उसाची गरज मामांना होती, म्हणून त्यांना लांबच्या कारखान्याला जाणं भाग पडलं. त्यात गयाबाईची कंबर गेलेली. इतकी वर्षं मोळ्या वाहिल्यावर जाणारच. मी म्हटलं, तिला ठेवून जा, आम्ही बघू. मामा म्हणाले, “गावात ती भांडंल कुणासंगं?” आणि घेऊन गेले.

पौषात मी तिची औषधं पोचवायला त्या फडात गेलो. मामा एकटेच तोडत होते, बांधत होते आणि वाहतही होते. गयाबाई बांधावर बसून त्यांच्या चुका काढत होती. साठीचा माणूस एकट्याने पूर्ण कोयता भरायला बघत होता, आणि तो भरत नव्हता. मुकादम माझ्यादेखत म्हणाला, “मामा, आजपासनं पारूबाईसंगं जोडी. न्हाईतर गावाकडं जावा.” पारूबाई टोळीतली विधवा, म्हणजे तीही अर्धीच. मुकादमाचा हिशेब बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला.

“कावून?” मामा म्हणाले. “भरतोय की आमी.”

गयाबाईने पारूबाईला जवळ बोलावलं आणि सवयीने अजून आपल्या डोक्यावर ठेवलेली चुंबळ काढून तिच्या हातात दिली.

“ऐक बाई. मोळी उचलली की ह्ये ‘हं’ म्हणत्यात. तवाच डोकं फुडं करायचं. आदी न्हाई, मागनं न्हाई. आन जरा डावीकडं हुबी ऱ्हा. उजव्या खांद्यात जोर न्हाई ऱ्हायला त्यांच्या. बोलू नकू त्यांना. त्यांना वाटतं, मला म्हाईत न्हाई.”

मामा पाठ करून उभे होते, पण सगळं ऐकत होते. मग वळले, मोळी उचलली, पारूबाईच्या डोक्यापर्यंत नेली आणि ‘हं’ म्हटलंच नाही. मोळी खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मुकादमाने शिवी हासडली. पारूबाई बिचारी डोक्यावरची चुंबळ धरून उभी. दिवसभर बडबडणाऱ्या या माणसाच्या तोंडून एवढं एक अक्षर निघत नव्हतं. माझे डोळे भरून आले.

शेवटी गयाबाई कंबरेवर हात ठेवून उठली. चार पावलं टाकायला तिला बराच वेळ लागला. येऊन ती पारूबाईला खेटून उभी राहिली. मामांनी तिसऱ्यांदा मोळी उचलली, आणि ‘हं’ गयाबाई म्हणाली.

मोळी नीट चढली.