चाकांवरच्या भिंती

विद्यापीठाच्या नव्या संशोधन इमारतीचा आराखडा आर्किटेक्ट बाईंनी काढला, तेव्हा आतल्या सगळ्या भिंतींना चाकं होती. जुन्या इमारतीत दर सात-आठ वर्षांनी कुणाचं तरी नवं यंत्र यायचं, ते खोलीत मावायचं नाही, मग भिंत फोडायची, राडारोडा टाकायचा आणि दुसरी भिंत बांधायची. बाईंचं म्हणणं एवढंच, की फोडण्यापेक्षा ढकलावी. इमारत साठ वर्षं टिकेल, एक वीट वाया जाणार नाही, आणि खोलीत कुणी हलत नसेल तर दिवे आपोआप विझतील.

कुलगुरूंना हे आवडलं. पण त्यांच्या टेबलावर दुसराही एक आराखडा होता. जाडजूड, चिरेबंदी, जिथली भिंत तिथे. त्यांनी बाईंना आठ दिवस दिले. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये तीन खोल्या उभ्या करा, तीन प्राध्यापक बसवा, शुक्रवारी तीन वाजता मी येतो. पटलं तर सही, नाहीतर चिरेबंदी. बाईंचं हे पहिलंच मोठं काम. ते गेलं असतं तर पुन्हा लोकांच्या बाल्कन्या बंद करून देणं नशिबी होतं.

भिंती केल्या बाईंच्या वडिलांनी. ते सुतार. मोडक्या बाकांचं लाकूड घेऊन त्यांनी अशा भिंती केल्या, की करंगळी लावली तरी सरकाव्यात. एकदा तर कुणाच्या तरी शिंकेने भिंत दोन बोटं हलली. खोटं वाटत असेल तर शिंकणारा अजून हयात आहे.

एका टोकाला भुंग्यांवर संशोधन करणारे सर बसले, दुसऱ्या टोकाला मातीचा अभ्यास करणाऱ्या मॅडम, आणि मधे गणिताचे सर. भुंगेवाले सर आणि मातीवाल्या मॅडम यांचं एका कपाटावरून बिनसलं होतं आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं. गणिताच्या सरांना हे माहीत नव्हतं. त्यांना तसं बरंच काही माहीत नसायचं.

पहिल्या दिवशी भुंगेवाल्या सरांनी पेट्या ठेवायला आपली भिंत चार बोटं मधल्या खोलीत ढकलली. हे मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी दुसऱ्या बाजूने सहा बोटं ढकलली. मग सरांनी आठ. मधे गणिताचे सर विचार करताना खुर्चीत मागे रेलायचे, खुर्ची भिंतीला लागायची आणि भिंत थोडी माघारी जायची. की लगेच दोन्हीकडून तक्रार, आमच्या अंगावर भिंत येतेय.

बुधवारी बाईंनी मधल्या खोलीत डोकावून पाहिलं. "सर, तुमची खोली लहान होतेय. तुमची काही तक्रार नाही?"

"होतेय खरी," गणिताचे सर म्हणाले. "या वेगाने शुक्रवारी साडेतीनला दोन्ही भिंती एकमेकींना टेकतील."

"मग?"

"मग काही नाही. माझं गणित बरोबर होतं का, ते कळेल."

बाई दिवसभर टेप घेऊन भिंती मोजत राहिल्या. पोरीचा चेहरा वडिलांना पाहवला नाही. शुक्रवारी सकाळी, तिला न विचारता, त्यांनी एक उपाय केला. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे दोरीने लाकडी पाचर बांधतात. गाडी पुढे गेली की तीही मागून फरफटत जाते. तशी पाचर त्यांनी दोन्ही भिंतींना लावली, अर्थात ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूला. आता भिंत कुणाच्याही अंगावर जाणार नव्हती. फक्त आत जाणार होती.

तीन वाजता कुलगुरू आले आणि आधी मधल्या खोलीत शिरले. दार लागलं. आता आपली खोली पाहायला येतील, ती जरा ऐसपैस दिसावी, हा विचार भुंगेवाल्या सरांच्या आणि मातीवाल्या मॅडमच्या मनात एकाच क्षणी आला. दोघांनी आपापल्या भिंतीला खांदा लावला.

खोली खुर्चीएवढी झाली. दार आत उघडणारं, ते आता उघडेना. आत कुणाला हलता येईना, म्हणून दिवेही विझले.

"दिवे गेले," कुलगुरू म्हणाले.

"आपण हलत नाही आहोत. दिव्याला वाटलं, खोली रिकामी आहे."

"मग हात हलवा."

"हलवला असता. तो तुमच्या पाठीमागे आहे."

बाहेर बाईंनी भिंत ओढून पाहिली. जागची हलेना. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"दोघांनी तक्रार केली. मी दोघांचं ऐकलं."

"आणि मधल्यांचं?"

"त्यांनी कुठे केली?"

पाचरी काढायच्या तर नव्या मिळालेल्या जागेत लगेच एकीवर भुंग्यांच्या पेट्या रचलेल्या, दुसरीवर ओल्या मातीच्या कुंड्या. सर म्हणाले, आधी त्यांनी काढावी. मॅडमही तेच म्हणाल्या. आठ दिवस गोड बोलणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दोघांनी एकदम काढायची. आणि एकमेकांना विचारून."

दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, तेच बरं झालं. थोड्या वेळाने मॅडमच्या बाजूने आवाज आला.

"निघाली का हो?"

"नाही. रुतलीय."

"डावीकडून ठोका. माझी तशीच सुटली."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते हे.

बावीस मिनिटांनी कुलगुरू बाहेर आले. त्यांच्यामागून गणिताचे सर हिरमुसले होऊन आले. कुलगुरू मधे नसते तर भिंती वेळेवर टेकल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुलगुरूंनी कोट झटकला.

"बाई, त्या चिरेबंदी इमारतीत मी असा अडकलो असतो का?"

बाईंनी एकदा वडिलांकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "नाही सर. तिथे तुम्ही अडकला नसतात. तिथे हे तिघे साठ वर्षं अडकले असते."

कुलगुरूंनी मान वळवली. भुंगेवाले सर मॅडमच्या कुंडीपाशी उकिडवे बसले होते आणि माझ्या अळ्या नेमक्या कुठल्या मातीत मरतात, असं विचारत होते. मॅडम हाताने माती चाळत उत्तर देत होत्या. मधली खोली कुणी परत मांडायला सांगत नव्हतं.

सही करायला कुलगुरूंनी कागद भिंतीवर टेकवला. भिंत सरकली. तेव्हा त्यांनी तो सुताराच्या पाठीवर ठेवला आणि चाकांच्या आराखड्यावर सही केली. मग बाईंना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "गेल्या सहा वर्षांत बावीस मिनिटं कुणी मला शोधू शकलं नाही, असं आजच झालं."

आता ती इमारत उभी आहे. बुधवारी तीनला सभा असली की कुलगुरूंचे कारकून फाइल घेऊन मजलाभर फिरतात आणि हात हलवत परत येतात. साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणतात, "इमारतीतच आहेत. पण ज्या खोलीत आहेत, ती आज कुठे आहे ते कळत नाही."