जंगली माश्यांचा बंदोबस्त

नवे सुरक्षा अधिकारी रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांची नजर प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांवर पडली. काही बाटल्यांवर 'पांढरे डोळे' अशी चिठ्ठी होती, काहींवर 'आखूड पंख' आणि काहींवर 'वाइल्ड टाइप'.

"मॅडम, जंगली प्राणी पाळलेत तुम्ही? आणि वर नुसतं कापसाचं बूच?"

"अहो साहेब, वाइल्ड टाइप म्हणजे मूळची, सर्वसाधारण माशी. लाल डोळे, धड पंख. बाकीच्यांच्या जनुकांत बदल झालाय, त्यांची तुलना हिच्याशी करायची असते." संशोधिका जमेल तितक्या गोडीत म्हणाली. तिचा प्रबंध महिन्यावर आला होता. हा वाण मेला, तर चार वर्षं पाण्यात जाणार होती.

"म्हणजे बिघडलेल्या त्या गरीब आणि धडधाकट ती जंगली! थोर आहात तुम्ही लोक." साहेबांनी 'वन्य प्राणी हाताळणी' नावाचा बारा पानी अर्ज तिच्या हातात ठेवला आणि पुरावा म्हणून वाइल्ड टाइपची एक बाटली स्वतःच्या केबिनमध्ये नेली. तिथे माश्यांचा जीव गुदमरू नये म्हणून त्यांनी बूच काढून ठेवलं. माणूस कनवाळू होता, फक्त विचार करायची सवय नव्हती.

अर्जात 'चावल्यास कोणाला कळवावे' असा रकाना पाहून संशोधिकेने हात टेकले. तिने उरलेल्या वाइल्ड टाइप बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या टराटरा फाडल्या आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'साध्या माश्या'. कटकट मिटली, असं समजून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांची फेरी झाली. प्रयोगशाळेत साध्या माश्या म्हणजे निव्वळ अस्वच्छता! ती येईपर्यंत त्या सगळ्या बाटल्या कढत पाण्याने धुऊन ओळीने पालथ्या घातल्या होत्या. 'पांढरे डोळे' मात्र सुखरूप होते, कारण ते शास्त्रीय वाटत होते.

तिने एकेक पालथी बाटली उचलून पाहिली. रडावं म्हटलं, तर तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून आरडाओरडा ऐकू आला.

"माझ्या केळ्यांवर माश्या! फवारणीवाल्याला बोलवा!"

ती धावत सुटली. फवारणीवाला नळी सरसावून उभा होता आणि केळ्यांवर लाल डोळ्यांच्या चाळीसेक माश्या निवांत बसल्या होत्या.

"थांबा!" ती मध्येच आडवी आली. "या साध्या नाहीत, जंगली आहेत! तुम्ही आणलेल्या बाटलीतल्याच!"

"काल तर सर्वसाधारण म्हणत होतात."

"चुकलं माझं. तुमचंच बरोबर होतं. अस्सल जंगली आहेत."

शास्त्रज्ञ मंडळींपैकी कुणी तरी आपलं बरोबर आहे म्हणतंय, हे ऐकून साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी लगेच नियम वाचून दाखवला. वन्य प्राणी आढळल्यास त्यास मारू नये, हुसकू नये, माणसांनी जागा रिकामी करावी. फवारणीवाला नळी गुंडाळून निघून गेला.

पुढचे तीन आठवडे संशोधिका साहेबांच्या खुर्चीत, साहेबांच्या पंख्याखाली माश्यांची पैदास करत होती आणि साहेब बाहेर जिन्याखाली स्टुलावर बसत होते. रोज सकाळी ते दार किलकिलं करून ताजी केळी आत सरकवत आणि दबक्या आवाजात विचारत, "मॅडम, आज शांत आहेत ना?"