एका शिवीचा पंचनामा

एका जंगलात, सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, पाणवठ्याच्या काठावर, भागाक्का साळिंदर हिने एक शिवी दिली.

कोणती, ते विचारू नका बाळांनो. सिग्नल सुटला आणि पुढची गाडी हलली नाही, की तुमचे बाबा म्हणतात तीच.

शिवी दिली ती तरससाहेबांना. साहेब पाणवठ्याचे अधिकारी. पाण्यात चार दिवस एक मेलेलं सांबर तरंगत होतं. ते पाणी पिऊन भागाक्काची तिन्ही पिल्लं आडवी झाली होती. तिने तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांत 'माननीय' होतं, 'कृपया' होतं, खाली 'आपली नम्र' होतं. साहेब दर वेळी म्हणाले, बघू. चौथ्यांदा ती तोंडी बोलली. त्यात मात्र एकच शब्द होता.

पाव तासात सगळं जंगल जमलं. घाण वासामुळे नाकाला शेपट्या लावून जमलं. पण सांबराकडे कुणी पाहिलं नाही. जंगलाची संस्कृती धोक्यात आली होती ना!

चौकशीला बगळा नेमला. पांढराशुभ्र, एका पायावर उभा. तो म्हणाला, पंचनामा रीतसर होईल. नेमका कोणता शब्द उच्चारला गेला, ते प्रत्येक साक्षीदाराने मोठ्याने सांगावं.

माकडाने सांगितलं. बगळ्याने ते लिहून घेतलं आणि खात्रीसाठी मोठ्याने वाचून दाखवलं. हरणांनी कान मिटले. मग एकेक उघडला.

पुढची साक्ष कासवआजीची. दीडशे वर्षांत तिने कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं. तिने तो शब्द पुटपुटला, मान कवचात घेतली, पुन्हा बाहेर काढली.

"नीट नाही आला," ती म्हणाली. "परत म्हणते."

तिने अकरा वेळा म्हटला. शेवटी दोन रानडुकरांनी तिला ढकलत बाहेर नेलं, तर त्यांनाही म्हणाली.

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस साक्षी झाल्या. सशांनी शिवी ऐकलीच नव्हती, तरी ते रांगेत दोनदा उभे राहिले. पिल्लांनी शब्दाला चाल लावली. मग ठराव झाला, की हा शब्द यापुढे कुणी उच्चारू नये. कुणाची चूक होऊ नये म्हणून तो वडाच्या खोडावर मोठ्या अक्षरांत कोरला.

"अहो, पण पाण्याचं काय?" भागाक्का म्हणाली. "पोरं मरायला टेकलीत माझी."

"बाई, विषय भाषेचा चाललाय," बगळा म्हणाला. "विषयांतर नको."

तिला आठ दिवस पाणवठाबंदी झाली.

काय करते बिचारी? पिल्लांना कसंबसं सोबत घेऊन डोंगरापलीकडच्या ओढ्यावर गेली. अर्ध्या दिवसाची वाट. पण तिथलं पाणी प्यायली आणि पाचव्या दिवशी पिल्लं टुणटुणीत होऊन एकमेकांचे काटे उपटू लागली.

इकडे सभ्य जंगल पाणवठ्याचंच पाणी पीत राहिलं. आता झुडपामागे जागा मिळत नाही. आतून काय ऐकू येतं म्हणता? तोच शब्द. पण तो कळवळून म्हटलेला असल्याने पंचनामा होत नाही.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी गोड बोलावं. शिवी देणाऱ्याला शिक्षा होते, आणि मग त्याला चांगलं पाणी प्यावं लागतं.

ता. क. : काल पाणवठ्यात दुसरं सांबर दिसलं. ते कुणी टाकलं, हे अद्याप कुणी विचारलेलं नाही.