बावीस मिनिटांचं गाणं

आमच्या शेजारचे मधुकाका माणसाला गाणं ऐकायला बोलावतात आणि तो आत आला की दाराला कडी लावतात. वर म्हणतात, "घाई असेल तर जा."

गाणं एकच आहे. बावीस मिनिटांचं. रॉक आहे म्हणे. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, हा माणूस चौलातल्या आपल्या वाडीत, पंपाच्या खोलीत बसून इलेक्ट्रिक गिटारवर तेच बनवतोय. पहिली पाच मिनिटं नुसती मोटर घरघरते. मग गिटार येते, ती रस्त्यावरून पत्रा ओढत न्यावा तशी. मध्येच झावळ्या पडतात, पिंपावर नारळ आपटतात. "काका, चाल कुठाय यात?" असं विचारणाऱ्या पोस्टमनला त्यांनी शिव्या घालत पार फाटकापर्यंत पोचवलं होतं.

मला या माणसाचा राग येतो. शाळेतून येऊन दुपारी जरा पाठ टेकावी, तर कुंपणापलीकडून घरघर सुरू. मी कितीदा जाऊन ओरडले असेन! गेल्या महिन्यात कळलं, माझं ओरडणंही त्यांनी रेकॉर्ड केलंय. नवव्या मिनिटाला मी येते. "बंद करा ते! माणसं राहतात इथे!" असं चार वेळा. आणि वर तोंड करून मलाच सांगतात, "तू काळी चारमध्ये भांडतेस गं. सूर जरा हलत नाही."

जत्रेच्या कमिटीने यंदा त्यांना स्टेज दिलं, पण चार मिनिटं. तेवढ्यात बसवा, नाहीतर नाव खोडतो म्हणाले. काका भर देवळात कडाडले, "चार मिनिटांत भातसुद्धा होत नाही!"

रविवारी मी भांडायलाच गेले. माझा आवाज काढून टाका, हे सांगायला. तर कडी लागली. ऐकावंच लागलं. शेवटी एकेक आवाज गळत गेला, आणि मग काहीच नाही.

"संपलं?"

"नाही!" काका खेकसले. "शेवटच नाहीये त्याला. तीन वर्षं झाली, नाहीये!"

मग रागारागातच सांगितलं. लहानपणी वाडी शिंपायचं काम या दोघा भावांकडे असे. हे पंप सुरू करायचे आणि थोरले नाना वाडीच्या टोकाला, शेवटच्या पोफळीपाशी उभे राहायचे. पाटातून पाणी तिथवर जायला बावीस मिनिटं लागायची. पोचलं की नाना तिकडून ओरडायचे, "आलं रे!" की हे पंप बंद करणार. गाणं म्हणजे तेवढंच. तीन वर्षांपूर्वी नानांनी वाटणीतला आपला भाग बंगलेवाल्याला विकला. शेवटच्या पोफळीच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे. नाना अलिबागला राहतात आणि तेव्हापासून हे त्यांच्याशी बोलत नाहीत.

"मी ओरडते की 'आलं रे'," मी म्हटलं.

"तुझं चालायचं नाही."

"मग त्यांना सांगा."

"मी? त्या विकणाऱ्याला?"

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं अख्ख्या आळीची झोप घालवतील, पण एक फोन करणार नाहीत! मी तिथल्या तिथे नानांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "नाना, मी शेजारची शैला. मधुकाकांच्या गाण्याला तुमचं 'आलं रे' हवंय. एकदा ओरडा."

काका फोन हिसकावायला धावले, पण जाता जाता रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच.

नाना ओरडले, पण भलतंच. "मेल्या, स्वतः बोलायला तोंड नाही तुला? का विकतोय, विचारलंस कधी? तुझी वहिनी आजारी होती तेव्हा एकदा तरी आमचा जिना चढलास?" तीन वर्षांचं सगळं बाहेर निघालं. आणि हा गावभर डाफरणारा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. बोलून बोलून नानांना धाप लागली. मग त्यांनी विचारलं,

"जेवलास का?"

काकांनी तोंड भिंतीकडे केलं. शेवटी मीच म्हटलं, "नाही जेवले, नाना. सकाळपासून इथेच आहेत."

गाणं आता तिथे संपतं. कमिटी अजून चार मिनिटांवर अडून बसलीय. उद्या मीच जाणार आहे भांडायला. माझा ओरडा हवा तर काढा म्हणावं, पण तो शेवटचा प्रश्न कोणी कापला, तर गाठ माझ्याशी आहे.