लिफ्टच्या टपावरून

बंद पडलेली लिफ्ट मी शिट्टी वाजवत चालू करतो. ही बढाई नाही, आमच्या कंपनीत कुणालाही विचारा. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय, कुणाशी तरी जाऊन बोल," तेव्हा मला हसूच आलं. बिघाड शोधणं हा तर माझा धंदा. माझाही बिघाड मीच काढतो, असं मी तिला ठणकावून सांगितलं.

बिघाड दिसायला साधा होता. आमच्याकडे नुकतंच बाईसाहेबांचं आगमन झालं होतं. वजन म्हणाल तर माझ्या हत्यारांच्या पेटीच्या निम्मंसुद्धा नाही. पण त्यांना हातात घेतलं की मी लगेच परत बायकोकडे द्यायचो. लोकांनी गच्च भरलेल्या लिफ्टा रोज माझ्या भरवशावर वरखाली जातात, तेव्हा मी निवांत डबा खात असतो. हिला मात्र मी पाडणार, अशी माझी खात्री झाली होती. मग मी घरी जायचंच टाळायला लागलो. काम आटपलं तरी मशीनरूममध्ये बसून राहायचो आणि, तुमच्यापाशी म्हणून सांगतो, रडायचो. साहेबांना सांगायचो, दोर तपासत होतो.

आता बोलायचं तर कुणाशी? एका समुपदेशकांच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी फी सांगितली. मी विचारलं, वर्षाची का? त्या म्हणाल्या, एका तासाची. पुढेही त्या काहीतरी सांगत होत्या, पण मी घाईघाईने फोन ठेवला. न जाणो, फोनवरच्या मिनिटांचेही लावायचे! सरकारी दवाखान्यात मन मोकळं करायला फुकट गट होता, पण तो बाळंतिणींचा. नर्सबाईंनी मला बाहेरचं बाकडं दाखवलं आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला दिल्या. मी त्या दुपारभर सांभाळल्या. मदतीच्या फोनवर एक दाबलं, दोन दाबलं, मग नुसतं संगीत ऐकलं.

आणि मग माझ्या डोक्यात ती योजना आली. हे फीवाले समुपदेशक जिथे सातव्या मजल्यावर बसतात, त्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच होती. रोज सकाळी ते एकटेच वर जातात. लिफ्टमधल्या बोलण्याची कसली आलीय फी? दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याबरोबर आत शिरलो. "सर, मला मुलगी झालीय," एवढं तोंडातून निघेपर्यंत सातवा मजला आला. ते "अभिनंदन" म्हणाले आणि उतरले. लिफ्ट मी नको इतकी चांगली ठेवली होती.

उपाय माझ्याकडे होताच. लिफ्टच्या टपावर उभं राहून ती तपासणीच्या वेगाने चालवता येते. तो वेग असा, की मागून गोगलगाय हॉर्न देईल. आत माणूस असताना हे करायचं नसतं. मला माहीत आहे, नव्या लोकांना मीच शिकवतो. तरी त्या सकाळी मी टपावर चढलो. पंख्याच्या जाळीतून खाली बघितलं. सरांचं टक्कल आत आलं, दार लागलं. मी लिफ्ट वर सोडली.

"सर, घाबरू नका, मी लिफ्टवाला. सातव्या मजल्यापर्यंत माझं जरा ऐकून घ्या."

टक्कल वर बघायला लागलं, पण जाळीतून तोंड काही दिसेना. "हं," एवढंच म्हणालं. मोठे डॉक्टर असंच म्हणतात. मला धीर आला आणि मी बोलतच सुटलो. मला बाप होणं जमत नाहीये. ती रडली की मला पळून जावंसं वाटतं, आणि पळून आलो की तीच डोळ्यांपुढे दिसते. दोर तपासायचं निमित्त करून मी मशीनरूममध्ये बसतो. साहेबांना यातलं काही कळत नाही.

"आता कळलं," खालून आवाज आला.

आवाजही आणि टक्कलही आमच्या साहेबांचं होतं! एका माणसाला दोर तपासायला इतका वेळ का लागतो, हे बघायला ते न कळवता आले होते. माझी पाचावर धारण बसली. दचकून कोपर लाल बटणावर आदळलं आणि लिफ्ट थांबली. सोडवायला बटण फिरवलं, तर ते हातातच आलं. दोर सोडून बाकीचं काय तपासतोस, असं खालून विचारण्यात आलं.

नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा झाला, तेव्हा मी वर्षभर जादा पाळ्या मागून घेतल्या होत्या. लोक म्हणायचे, काय मेहनती आहे. मला घरी जायची भीती वाटायची. आज पहिल्यांदा बोलतोय."

"माझंही तसंच झालं होतं," तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं. लिफ्टच्या बोळातून आवाज सगळीकडे जातो, हे मला वीस जणांना शिकवूनही आठवलं नव्हतं. अख्ख्या इमारतीने कामं सोडून कान लावले होते. लिफ्ट रेंगाळतेय म्हणून खरे समुपदेशक जिन्याने निघाले होते. सहाव्या मजल्याच्या दाराशी थांबून ते म्हणाले, "अहो, शनिवारी वडिलांसाठी गट घेतो मी. ज्याला जे परवडेल ते द्यायचं. अजून एकही बाप फिरकलेला नाही. ऑफिसातल्या बाई फोनवर सगळ्यांना सांगतात."

त्या पुढे काय सांगत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

बटण बसवून साहेबांना खाली उतरवलं. त्यांनी मला मनसोक्त झापलं, टपावरची कामं महिनाभर बंद केली आणि जाताना विचारलं, शनिवारी किती वाजता? मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घरी जा. हा हुकूम आहे."

घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग बाईसाहेबांना माझ्या हातात देऊन आंघोळीला निघून गेली. मी खोलीत तपासणीच्या वेगाने फेऱ्या मारत त्यांना म्हणालो, मला तुझी फार भीती वाटते गं. त्यांनी डोळे मोठे करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "हं" म्हटलं नाही, आणि मग माझ्या गणवेशावर ओकल्या.

एवढी फी मला परवडते.