दातेरी चाकाचा अंदाज

रुग्णालयातल्या एका पलंगाची उशाकडची बाजू वर उचलणारं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटलं, ही तशी किरकोळ बाब होती. त्या पलंगावर माझे सासरे होते आणि आडवं झालं की त्यांचा जीव गुदमरायचा, ही बाब कार्यालयीन कक्षेबाहेरची होती. असे सुटे भाग झटपट बनावेत म्हणून तळमजल्यावर थ्रीडी प्रिंटर आणलेलाच होता. मात्र कोणताही भाग बनवण्यापूर्वी त्याच्या खर्चाचा अंदाज काढावा असा नियम आहे, आणि अंदाज समितीचा अध्यक्ष मी आहे.

घरच्या माणसासाठी वशिला लावला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी काम नेहमीपेक्षा काटेकोरपणे हाती घेतलं. प्लास्टिक किती लागेल, यंत्र किती वेळ चालेल, आधारापुरता छापून नंतर तोडून टाकायचा सांगाडा केवढा, हे प्रत्यक्ष बनवल्याखेरीज नक्की सांगता येणार नाही, असं यंत्रचालकाने नम्रपणे मांडलं. तेव्हा समितीने अंदाजासाठी एक चाक बनवून घेतलं. मोठं सुबक झालं.

बायकोच्या कानावर गेलं तशी ती धावत खाली आली. वडिलांना बसतं ठेवायला ती दिवसरात्र त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. तेवढ्यापुरतं तिने नर्सला बसवलं होतं.

"अहो, चाक झालंय म्हणे. द्या, बसवून घेते."

"ते चाक नव्हे," मी समजावलं. "तो अंदाज आहे."

"दिसतंय तर चाकासारखं."

"चांगला अंदाज तसाच दिसतो."

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं काहीतरी पुटपुटत ती वर गेली. मसाल्याचाही अंदाज काढावा लागतो, हे तिला कोण सांगणार?

मग लेखापालाने शंका काढली. अंदाजाच्या चाकाचा खर्च खऱ्या चाकात धरायचा का? धरला तर चाक दुप्पट महाग, आणि महाग वस्तूला नवा अंदाज लागतो. नवा अंदाज म्हणजे नवं चाक. त्यात एकेक बनवण्यापेक्षा घाऊक बनवलेलं स्वस्त पडतं, असं यंत्रचालक म्हणाला. ते तपासायला आम्ही घाऊक बनवली. काचेचं कपाट मोहोरबंद चाकांनी भरलं. वर वॉर्डात बसून बसून बायकोची पाठ धरली होती. मला वाईट वाटायचं, पण ते मी कार्यालयीन वेळेनंतर वाटून घ्यायचो.

शेवटी चाकाची तुलना सध्याच्या व्यवस्थेशी करायची राहिली, म्हणून समिती वॉर्डात गेली. सासरे बसल्या बसल्या शांत झोपले होते. मागे बायको, डोळे मिटून, ताठ.

"ताई, याचे तुम्ही काय घेता?" लेखापालाने विचारलं.

"वडील आहेत माझे," ती डोळे न उघडता म्हणाली.

समितीला हायसं वाटलं. सध्याच्या व्यवस्थेचा खर्च शून्य निघाला, आणि शून्याहून स्वस्त चाक कोणतंही यंत्र बनवू शकत नाही. प्रस्ताव एकमताने फेटाळला. सही माझीच आहे.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त त्याआधी, उद्या तुमच्या घरात कोणी अंथरूण धरलं तर त्याच्या पाठीला पाठ लावून कोण बसेल, ते मनात आणा. बघा, लगेच आठवलं. तिचा अंदाज काढावा, असं तुम्हालाही कुठे वाटलं?