पुंजाजी सरांचं रोमप्रस्थान

पुंजाजी सर मेडशीच्या बसस्टँडवर पोचले तेव्हा त्यांना रोमला रवाना होऊन अर्धा तास झाला होता. निदान तिथे लटकलेल्या फ्लेक्सवर तरी तसंच दिसत होतं. वर विमान, खाली कोट घातलेले सर आणि मधे ठसठशीत अक्षरं: 'विदेश प्रवासास हार्दिक शुभेच्छा! चलो रोम!' कोट सरांचा नव्हता. मानेखालचं काहीच सरांचं नव्हतं.

खरी गोष्ट एवढीच, की रोमला सरांचा निबंध गेला होता. शाळेत इतिहास शिकवता शिकवता सरांनी तीस वर्षं प्राचीन रोमचा पिच्छा पुरवला होता. तिथले शेतकरी दर आठव्या दिवशी माल घेऊन शहरात येत, त्या दिवशी पोरांच्या शाळेला सुट्टी असे, हे वाचलं आणि सरांना त्यात मेडशीचा आठवडी बाजार दिसू लागला. दोन्ही बाजारांची तुलना करणारा त्यांचा निबंध रोमच्या विद्वानांच्या परिषदेने स्वीकारला. शनिवारी दुपारी तो घरी बसून कॉम्प्युटरवर वाचायचा होता. ही बातमी सरांनी फ्लेक्सवाल्या बबलूला सांगितली आणि तिथेच माती खाल्ली.

"बबल्या, हे विमान कायले टाकलं?"

"धनराज दुबईले गेला तवाचं डिझाईन पडून होतं, सर. फक्त मुंडकं बदललं."

"अरे, पण मी कुठी जाऊन नाई राह्यलो ना!"

"विमान काढलं तं वरची जागा रिकामी दिसते, सर."

सर शिडी शोधायला वळले, तोवर कुणीतरी अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. मेडशीत एकदा नारळ हातात पडला की माणसाचं कुणी ऐकत नाही. पाठोपाठ भाजीवाली चंपाबाई मिरचीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. "सर, तिकडं जेवण फिकं असंन. हे न्या. आन् तिथले वांगे कसे असतात ते पाहून या, माह्यासाठी."

सर खरं सांगणार होते. पण 'मी रोमला जाणार नाही' हे वाक्य त्यांनी स्वतःशी तीस वर्षं इतक्यांदा म्हटलं होतं, की आता कुणीतरी 'तुम्ही जाणार' म्हणतंय हे त्यांना खोडवेना. दोन दिवस तरी गावाने आपल्याला रोमला धाडावं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी बरणी घेतली.

घरी सरांच्या पत्नी चतुराबाईंनी बरणी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काय बाप्पा! आता शनिवारी काय तोंड दाखवसान?"

"दाखवतच नाई. आठ दिवस कारंजाले जातो, निकिताकडं."

"वाशीम जवळ पडते ना."

"वाशीमले कोन्याबी कचेरीपुढं मेडशीचा मानूस भेटते."

शुक्रवारी सकाळी बँड वाजला, एसटी दहा मिनिटं थांबवण्यात आली आणि सर हात जोडून रोमला निघाले. खिडकीतून हात हलवताना त्यांचे डोळे खरेच पाणावले. कंडक्टरने तिकीट कुठलं म्हणून विचारलं, तेव्हा ते इतकं हळू 'कारंजा' म्हणाले की त्याला तीनदा विचारावं लागलं.

शनिवारी लेकीच्या घरी निबंधवाचन झकास झालं. पडद्यावरचे विद्वान माना डोलावत होते. अध्यक्ष लुचियाबाई म्हणजे सत्तरीच्या प्राध्यापिका. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या बाजाराचा अभ्यास केला, पण चालू बाजार कधी पाहिला नाही. तुमचा मेडशीचा बाजार कधी असतो?"

"उद्याच," सर बोलून बसले.

"मग उद्या आम्हाला फोनवरून दाखवा! आम्ही सगळे इथेच आहोत."

कॉम्प्युटर बंद केल्यावर निकिता म्हणाली, "बाबा, इथलाच बाजार दाखवून द्या. त्यायले काय समजते?"

सर ताडकन उठले. "निबंधात मेडशी लिहिली आन् दाखवलं कारंजा? संशोधनात खोटं चालत नाई, पोरी!" अख्ख्या गावाला थाप मारून आलेला माणूस हे बोलत होता, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी दुपारी सर हातात फोन धरून मेडशीच्या बाजारात शिरले. तोंडाला रुमाल गुंडाळला होता. पण तीस वर्षं ज्यांना छड्या मारल्या, ते लोक चाल ओळखतात.

"सर? दोन दिवसांत रोम झालं बी?" बबलू ओरडला.

बाजार थांबला. चंपाबाईने तराजू खाली ठेवला. सरांनी रुमाल सोडला. "मी गेलोच नाई. फक्त कागद गेला होता. तुमी इतक्या मायेनं धाडत होते, मले नाई म्हनवलं नाई. चुकलं माह्यं."

तेवढ्यात फोनमधून लुचियाबाई आनंदाने किंचाळल्या. त्यांना वांगी दिसली होती. मग गर्दी फोनभोवती जमली. कुणी मिरच्या दाखवल्या, कुणी शेळी. सर इकडचं तिकडे आणि तिकडच्या जुन्या बाजाराचं इकडे सांगत घामाघूम झाले. लुचियाबाईंनी वांग्याचा भावसुद्धा विचारला आणि महाग आहे म्हणाल्या.

"त्यायले इचारा," चंपाबाई म्हणाली, "तुमचा तो बाजार अजून भरते का?"

सरांनी विचारलं. लुचियाबाई बोलल्या आणि सरांनी हळू आवाजात सांगितलं, "म्हंतात, नाई. नुसते दगड हायेत. मधातून गवत उगवते. लोक तिकीट काढून पाहून जातात."

"दगड?" चंपाबाई खूश झाली. "मंग बरं झालं नाई गेले ते! हे पाहा, इथं सारंच हाये."

सगळ्यांनी माना हलवल्या. सरही हसले, पण ते हसू टिकलं नाही. "मले मालूम हाये, चंपाबाई. तीस वर्सांपासून मालूम हाये का तिथं दगडच हायेत. तरी जाचं होतं मले. एकडाव त्या दगडावर बसाचं होतं."

चंपाबाईने पदराला हात पुसले, सरांच्या हातातला फोन घेतला आणि पडद्यात तोंड घालून मोठ्याने म्हणाली, "ओ बाई! यायले कवा बोलावता ते सांगा. आमी बँड लावून धाडलेला मानूस वापस घेत नसतो."

तिने फोन सरांपुढे धरला. "सांगा त्यायले इंग्रजीत."

सरांनी तोंड उघडलं. आतापर्यंत शेळीच्या दातांपासून मिरचीच्या तिखटापर्यंत सगळं त्यांनी इंग्रजीत करून दिलं होतं. हे एकच वाक्य त्यांना काही केल्या सांगता येईना.